घोडपदेवचा किनारा व तेथील जीवसृष्टि

राजवटी, लढाया व तह यांच्या जंत्रीला इतिहास म्हणूं नये, लोकांच्या राहणीचा वृत्तांत त्यांत यावा, हें मत आपल्याकडे रुजून पुष्कळ वर्षें झालीं. परंतु लोक ज्या भूमीवर व ज्या पाण्याच्या कांठीं राहिले, तेथील इतर रहिवाशांचाही वृत्तांत इतिहासांत यावा, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. मुंबईच्या इतिहासावर हजारों पृष्ठें लिहिलीं गेलीं. बेटें कशीं सांधलीं, गोद्या कोणी बांधल्या, गिरण्या केव्हां निघाल्या, हें सारें त्यांत सांपडतें. समुद्र मागें हटला तेव्हां त्याच्याबरोबर कोण गेलें व मागें कोण उरलें, हें मात्र कोणी फारसें विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत हा प्रश्न आम्ही घोडपदेवच्या किनाऱ्यापुरता घेतला आहे. कारण लहान जागीं मोठ्या गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

आज घोडपदेवच्या रस्त्यावर उभें राहिलें असतां समुद्र दृष्टीस पडत नाहीं. चाळी, कारखाने, वखारी, हार्बर रेल्वेचे रूळ आणि त्यांपलीकडे बंदराचीं गुदामें असे पडद्यामागून पडदे मध्यें उभे आहेत. तथापि रूळ ओलांडून रे रोडच्या पूर्वेस गेलें म्हणजे जुनीं नांवें बोलूं लागतात: लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर, दारूखाना. कोठें लांकूड उतरे, कोठें कोळसा, कोठें घोड्यांसाठीं वाळलेलें गवत, तर कोठें बंदुकीच्या दारूचा सांठा असे. माल कोणता उतरला, याची आठवण नांवांनीं जपली. पाण्यांत काय होतें, याची नाहीं. माजगांव हें जुन्या सात बेटांपैकीं एक, व घोडपदेव हा त्याच्या उत्तर अंगाचा भाग. माजगांव या नांवाचा उगम कित्येक विद्वान् 'मत्स्यग्राम' या शब्दांत शोधतात. ती व्युत्पत्ति खरी असो वा नसो, पोर्तुगीज येण्यापूर्वींपासून या कांठावर कोळ्यांची वस्ती होती व समुद्रावर त्यांचा संसार चालत असे, याविषयीं वाद नाहीं. माजगांवच्या आंब्यांची कीर्ति तर टॉमस मूर या आयरिश कवीच्या १८१७ सालच्या 'लल्ला रूख' या काव्यापर्यंत पोंचली होती. मासा व आंबा ही ज्या गांवाची ओळख, तें गांव शंभर वर्षांच्या आंत कोळसा व कापूस यांचें आगर झालें.

हा पालट होत असतां त्याच परिसरांत दुसरेंही एक कार्य सुरू झालें होतें, व त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशीं भायखळ्याच्या संग्रहालयांत, म्हणजे ज्यास आपण आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखतों त्या इमारतींत, आठ गृहस्थ जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. घोडपदेवहून ही इमारत पायीं जाण्याइतकी जवळ आहे. त्या आठांत प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग होते व डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. साताऱ्यास जन्मलेले व जकात-मीठ खात्यांत नोकरी करणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे तिसरे. त्यांनीं पुढें १९०० सालीं मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पक्ष्यांवर एक सुरेख पुस्तक लिहिलें, व त्यांत गिधाडांनाही मानाचें स्थान दिलें.

आतां तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. प्रिन्सेस गोदी १८८० सालीं उघडली, व्हिक्टोरिया गोदी १८८८ सालीं. या दोहोंच्या मध्यें भायखळ्यास ही मंडळी जमली. एकाच दशकांत, एक-दोन मैलांच्या अंतरांत, एकीकडे सृष्टीची मोजदाद सुरू झाली व दुसरीकडे ती बुजविण्याचा उद्योग वाढीस लागला. दोन्ही कामें करणारीं माणसें एकाच समाजांतलीं, पुष्कळदां एकाच क्लबांतलीं. त्यांचें एकमेकांशीं वैर नव्हतें; परंतु मोजणाराची गति मुंगीची होती आणि बुजविणाराची वाफेच्या यंत्राची. पूर्व किनाऱ्याच्या जीवसृष्टीचा इतिहास तुटक कां, याचें कारण येथें सांपडतें. नोंद होण्यापूर्वींच नोंदीचा विषय मातीखालीं गेला.

सर्वांत मोठी भर पडली ती १९०८ ते १९१२ या काळांत. माजगांव ते शिवडी या पट्ट्यांत समुद्रतळाचा गाळ उपसून पोर्ट ट्रस्टनें ५८३ एकर भूमि निर्माण केली. कापसाच्या व धान्याच्या वखारी तेथें आल्या, व कॉटन ग्रीन हें नांव रूढ झालें. नकाशावर पूर्वीं त्या जागीं जें होतें त्यास आपण 'पडीक चिखल' म्हणतों. परंतु ओहोटीनें उघडा पडणारा चिखल पडीक कधींच नसतो. त्यांत निवट्या उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेले खेंकडे बिळांच्या तोंडाशीं पहारा करतात, तिसऱ्या व गोगलगाई गाळांत दडतात, आणि त्या सर्वांवर जगण्यासाठीं उत्तरेकडच्या थंड मुलुखांतून चिखलपक्षी हिंवाळ्यांत येतात. मासळीचीं पोरें याच उथळ जागीं वाढून मग खोल पाण्यांत जातात. ५८३ एकर जमीन मिळाली, असें पोर्ट ट्रस्टच्या हिशेबांत जमेच्या बाजूस लिहिलें गेलें, व तें खरेंच आहे. ५८३ एकर चिखल खर्ची पडला, ही दुसरी बाजू कोणत्याच वहींत नाहीं.

परंतु भरावानें जें गेलें तें एकदां गेलें. उरलेल्या पाण्यास जें झालें तें हळूहळू झालें, व तोच आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगा भाग आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, घोडपदेव या टापूंत भोंग्यांचें राज्य सुरू झालें. गिरणींत सूत व कापड यांजबरोबर रंग, कॉस्टिक सोडा व ब्लीचिंग पावडर हींही आलीं, व कामापुरतीं वापरून झालीं कीं गटारानें समुद्राची वाट धरूं लागलीं. स्वातंत्र्यानंतर समोरच्या तुर्भ्याच्या अंगास १९५४ व १९५५ सालीं दोन तेलशुद्धि-कारखाने उभे राहिले, १९६५ सालीं खताचा कारखाना आला, आणि त्याच सुमारास खाडीपलीकडे ठाणें-बेलापूर पट्ट्यांत रसायनांच्या कारखान्यांची रांग लागली.

येथें ठाण्याच्या खाडीचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. ती नदी नव्हे. तिच्यांत टाकलेलें वाहून जात नाहीं. ओहोटीनें जें बाहेर जातें त्यांतलें पुष्कळसें भरतीबरोबर परत येतें, आणि उत्तरेकडचें तोंड अरुंद असल्यामुळें खाडी खळखळून धुवून निघत नाहीं. शिवाय तळाची माती अतिशय बारीक. पारा, शिसें, तांबें यांसारख्या धातूंचे कण तिला चिकटून बसतात. पाणी विसरतें, गाळ विसरत नाहीं. १९८१ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील झिंगडे व देसाई या शास्त्रज्ञांनीं ठाण्याच्या खाडींतील पाऱ्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा व क्लोरीन काढतांना पारा वापरीत, व त्याचा अंश सांडपाण्यांतून निसटे. गाळांतले जंतु या पाऱ्याचें अधिक घातक असें सेंद्रिय रूप बनवितात. तें शेवाळांत, शेवाळांतून किड्यांत, किड्यांतून माशांत असें चढत जातें, व प्रत्येक पायरीवर दाट होतें. जपानांतील मिनामाता येथें १९५६ सालीं उजेडांत आलेल्या रोगानें या शिडीची वरची पायरी माणसाची असते हें जगास शिकविलें.

दुसरें उदाहरण जहाजांचें आहे व तें घोडपदेवच्या अगदीं दारचें आहे. माजगांवची गोदी १७७४ पासूनची. आणि दारूखान्याच्या चिखलावर जुनीं जहाजें चढवून तीं मोडण्याचा धंदा कित्येक दशकें चालला. जहाजाच्या तळास शंख-शिंपले चिकटूं नयेत म्हणून विषारी रंग देण्याची चाल आहे. १९६० नंतर या रंगांत कथिलाचें एक संयुग, ट्रायब्यूटिलटिन, सर्रास येऊं लागलें. तें काम उत्तम करी. परंतु फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरांत १९७० नंतरच्या दशकांत कालवांची पैदास बसली व शिंपले वेडेवांकडे वाढूं लागले, तेव्हां दोष या रंगाचा असल्याचें उघड झालें, आणि १९८२ सालीं फ्रान्सनें लहान नौकांवर त्याची बंदी केली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याहून विलक्षण प्रकार दिसला. गोगलगाईच्या माद्यांस नराचीं इंद्रियें फुटत व त्या वांझ होत. यास एका लिटर पाण्यांत ग्रॅमचा एक-दोन अब्जांश एवढें विष पुरे होई! १९९९ सालीं गोव्याच्या किनाऱ्यावर हाच विकार आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ज्या गोगलगाईंत तो दिसला तिचें शास्त्रीय नांव 'क्रोनिया कोंकणेन्सिस', म्हणजे कोंकणची. हा रंग जगभर बंद करणारा करार २००१ सालीं झाला व २००८ च्या सप्टेंबरांत अमलांत आला. विष दिसत नाहीं, प्राणी मरून तरंगत नाहीं. फक्त पुढची पिढी येत नाहीं. असा संहार डोळ्यांस कसा दिसावा?

तिसरी गोष्ट मैल्याची. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहरांत आलें, आणि जितकें स्वच्छ पाणी आंत आलें तितकेंच मलिन पाणी बाहेर जाणें प्राप्त झालें. आज घाटकोपर व भांडुप या विभागांचें सांडपाणी ठाण्याच्या खाडीकडे जातें. मैला हें विष नव्हे. तें खाद्य आहे, आणि अनर्थ त्यांतूनच उद्भवतो. जंतु त्यावर तुटून पडतात व तें कुजवितांना पाण्यांतील प्राणवायु संपवितात. ज्यांस भरपूर प्राणवायु लागतो ते प्राणी निघून जातात किंवा गुदमरतात. थोडक्यावर भागविणारे गाळांतील कृमि मात्र लाखांनीं वाढतात. अशा पाण्यांत परका पाहुणाही सहज घर करतो. कॅरिबियन समुद्राकडील एक लहानसा काळपट शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणास पोंचला, मुंबईच्या गोद्यांतही शिरला, आणि १९७५ सालीं करंदे व मेनन यांनीं भारतीय बंदरांतील या नव्या आगंतुकाचा परिचय करून दिला. जेथें देशी शिंपल्यांचा टिकाव लागत नाहीं अशा घाण पाण्यांत तो गुच्छागुच्छांनीं वाढतो. याच कुळींतला शिंपला १९९९ सालीं ऑस्ट्रेलियांत डार्विन शहराच्या गोद्यांत आढळला, तेव्हां तेथील सरकारनें दरवाजे बंद करून पाण्यांत क्लोरीन व तांब्याचें विष ओतलें. शिंपला मेला, आणि त्याच्याबरोबर त्या पाण्यांतील इतर जीवही मेले. आपल्याकडे तो सुखानें नांदतो आहे.

आतां या सर्व उदाहरणांचें सार सांगतां येईल. दूषित पाणी मेलेलें असतें ही समजूत चुकीची आहे. तें पुष्कळदां जीवांनीं गजबजलेलें असतें. परंतु ते सर्व एकाच पठडीचे असतात. शंभर जातींच्या जागीं दहा जाती उरतात, व त्या दहांची संख्या फुगते. खाडीकांठच्या वनस्पतींचीही तीच कथा. तिवर हें झाड मैला व खारेपणा दोन्ही सोसतें, म्हणून मुंबईच्या खाजणांत आज जेथें तेथें मुख्यत्वें तिवरच दिसतो. त्याच्या इतर सोबत्यांस शोधावें लागतें. जेथें एकच जात शिरजोर होते तेथें विपुलता व विविधता यांची फारकत होते, आणि विपुलतेनें डोळे दिपले कीं विविधतेचा ऱ्हास ध्यानींही येत नाहीं.

शिवडीचे रोहित पक्षी, ज्यांस लोक फ्लेमिंगो किंवा अग्निपंख म्हणतात, हें या डोळे दिपण्याचें सर्वांत सुंदर उदाहरण होय. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून हे पक्षी हिंवाळ्यांत शिवडीच्या चिखलावर थव्यांनीं उतरूं लागले. २०१९ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें या परिसरांत केलेल्या मोजणींत त्यांची संख्या एक लाखावर भरली. गुलाबी रंगाचा एवढा मेळा तेलाच्या टाक्यांसमोर भरलेला पाहून कोणाचें मन प्रसन्न होणार नाहीं? आमचेंही होतें. वर्तमानपत्रें लिहितात, खाडी शुद्ध आहे म्हणून पक्षी आले. परंतु यांतील बहुसंख्य पक्षी धाकट्या रोहिताच्या जातीचे. तो आपली वांकडी चोंच उलटी धरून चिखलपाण्यांतील सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून खातो, आणि असें शेवाळ मैल्याच्या खतानें माजतें. पक्षी येण्याचें एक प्रमुख कारण म्हणून अभ्यासक याच गोष्टीकडे बोट दाखवितात. म्हणजे ज्यास आपण खाडीच्या आरोग्याचा दाखला समजतों, तो अंशतः तिच्या रोगाचाच मोहोर आहे. मासळीवर जगणाऱ्या कोळ्याच्या टोपलींत काय येतें, हा दाखला अधिक खरा. पण ती टोपली पाहण्यास कोणी दुर्बीण घेऊन येत नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रकार याच शहराच्या पश्चिम अंगास, गिरगांवच्या वरच्या बाजूस, मलबार टेंकडीवर घडला. तेथील डुंगरवाडींत पारशी बांधवांचे दोखमे आहेत, आणि मृतदेहाची व्यवस्था गिधाडांनीं करावी हा त्यांचा धर्माचार आहे. १९९० नंतर देशभर गिधाडें नाहींशीं होऊं लागलीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं भरतपूर येथें तो ऱ्हास पाहून सर्वांस सावध केलें. परंतु कारण कळेना. २००४ च्या आरंभीं लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील संशोधनावरून तें सांगितलें. गुरांच्या वेदना शमविण्यासाठीं दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत जातें व त्याचीं मूत्रपिंडें निकामी करतें. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक याप्रमाणें उरलीं. एटकन यांना १९०० सालीं नित्य दिसणारा पक्षी शंभर वर्षांनीं दुर्मिळ झाला, आणि दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारीं उपकरणें बसविण्याची पाळी आली. गुरांसाठीं या औषधाची बंदी २००६ सालीं झाली, माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्यांवर २०१५ सालीं निर्बंध आला, आणि तशाच घातक अशा दुसऱ्या दोन औषधांस २०२३ सालीं मनाई झाली. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते. त्यामुळें पंधरा वर्षांत गेलेलें पंधरा वर्षांत परत येणार नाहीं.

गिधाड गेलें तें सर्वांस कळलें, कारण तें मोठें होतें व एका समाजाचा धर्माचार त्यावर अवलंबून होता. गोगलगाय गेली तर कोण विचारणार? आणि तरीही दोन्हींचें मर्म एक आहे. औषध, रंग, सोडा, खत यांपैकीं एकही वस्तु कोणी दुष्टबुद्धीनें केलेली नव्हती. प्रत्येकीनें आपलें नेमलेलें काम चोख केलें. तिनें न नेमलेलें काम कोणतें केलें, हें पाहण्यास मात्र कोणी नेमलेला नव्हता.

येथें एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. गोद्या व गिरण्या नसत्या तर घोडपदेव तरी कोठून असतें? घाटावरून व कोंकणांतून आलेल्या हजारों कुटुंबांनीं याच धुरांत चुली पेटविल्या, मुलें शिकविलीं, गणपति बसविले. त्यांस 'तुमच्या भाकरीनें गोगलगाय मेली' असें सांगणें क्रूरपणाचें व खोटेंही होईल. कारण नफ्याच्या वांटणींत त्यांचा हिस्सा अल्प होता आणि घाणीच्या वांटणींत मोठा. किंबहुना या आक्षेपांतच आमचा मुद्दा दडला आहे. ज्या कोळ्यांची मासळी गेली व ज्या कामगारांच्या फुप्फुसांत धूर गेला, त्यांच्या नुकसानीची नोंद जितकी थोडी, तितकीच शिंपल्यांची. ज्याचा हिशेब ठेवला जात नाहीं त्याची किंमत शून्य धरली जाते, हा बाजाराचा नियम मनुष्यास व गोगलगाईस सारखाच लागू पडतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चिमण्या थंड झाल्या. कामगाराचें काम गेलें, पण गाळांतलें विष जागच्या जागीं राहिलें.

कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं झाला. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली. ठाण्याच्या खाडींत २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें, व २०२२ सालीं रामसर करारान्वयें त्या पाणथळीस आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळालें. परंतु अभयारण्याची सीमा पाण्यावर आंखली तरी पाणी ती मानीत नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं एमएससी चित्रा व खलिजा या दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारें ८०० टन तेल सांडलें. तें शिवडी, तुर्भें व घारापुरी येथील तिवरांच्या मुळ्यांपर्यंत पोंचलें. २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु शिवडीच्या याच चिखलावरून पलीकडे जातो. पुलावरून जाणारास खाडी आतां चांगली दिसते. ती काय सोसते तें दिसण्यास खालीं उतरावें लागेल.

मग करावें काय? मैला शुद्ध केल्यावांचून सोडूं नये व कारखान्यांवर देखरेख असावी, हें सांगण्यास आमची गरज नाहीं. आम्हांस सुचवावयाचें तें याहून साधें व घरगुती आहे. या शहरांत शेंकड्यांनीं महाविद्यालयें आहेत व त्यांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन शिकणारीं हजारों मुलें आहेत. त्यांनीं दर वर्षीं ठराविक दिवशीं, ठराविक ओहोटीस, शिवडीपासून माजगांवपर्यंत ठराविक दहा जागीं चिखलाचा एक-एक चौरस हात मोजावा. त्यांत किती जाती सांपडल्या तें लिहावें, व वही पुढच्या वर्षाच्या मुलांच्या स्वाधीन करावी. कोळीवाड्यांतील वृद्ध स्त्रीपुरुषांस विचारून मासळीचीं व शिंपल्यांचीं नांवें टिपून घ्यावीं, आणि त्यांतील कोणतीं अजून टोपलींत येतात तें समोर मांडावें. यास मोठा पैसा लागत नाहीं. चिकाटी मात्र लागते. १८८३ सालीं भायखळ्यास जमलेल्या आठांजवळही दुसरें फारसें कांहीं नव्हतें.

एक वर्षाची वही निरुपयोगी, दहा वर्षांची उपयोगी, व पन्नास वर्षांची अमोल होईल. पक्षी किती आले, या प्रश्नाबरोबर जाती किती उरल्या, हा प्रश्नही त्या वहीमुळें आपणांस विचारतां येईल. आणि पुढें कोणी या किनाऱ्याचा इतिहास लिहूं लागला तर मिळालेल्या एकरांशेजारीं गेलेल्या जातींचा आंकडाही त्याच्या हातीं असेल.